रस्ता अडवणारा फेस्टिव्हल

ऑर्लँडो म्हटलं की डोक्यात पहिल्यांदा काय येतं? डिस्ने वर्ल्ड! अमेरिकेत नोकरीला गेलेला दादा किंवा ताई आईबाबांना तिकडे बोलावून घेते, तेव्हा फ्लोरिडाची ट्रिप जवळपास ठरलेली असते. फॅमिली ग्रुपवर त्या निळ्या-पांढऱ्या किल्ल्यासमोरचा फोटो पडला की ट्रिप सक्सेसफुल. पण त्याच ऑर्लँडो शहराला लागून, मध्यवर्ती भागापासून साधारण दहा किलोमीटरवर, ईटनव्हिल नावाचं एक छोटंसं गाव आहे. लोकसंख्या अडीच हजारांच्याही आत. आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या कॉलेजात याहून जास्त मुलं असतात. या गावात किल्ला नाही, राइड्स नाहीत, समुद्रकिनाराही नाही. तरी दर जानेवारीत देशभरातून लोक तिथे येतात. कारण तिथे ‘झोरा फेस्टिव्हल’ भरतो.

फेस्टिव्हलचं पूर्ण नाव ‘झोरा नील हर्स्टन फेस्टिव्हल ऑफ द आर्ट्स अँड ह्युमॅनिटीज’. नाव भारदस्त आहे, पण वातावरण आपल्या जत्रेचं. उघड्यावर स्टॉल लागतात, चित्रं, दागिने आणि कपडे विकायला असतात, गाणी-बजावणी चालतात, खाण्याचे वास सुटतात. शाळेच्या मुलांसाठी वेगळे कार्यक्रम असतात. एका बाजूला प्राध्यापक आणि विद्यार्थी आफ्रिकी-अमेरिकी साहित्यावर, लोककथांवर चर्चा करत बसलेले असतात. मधली काही वर्षं तर चर्चेचा विषय ‘आफ्रोफ्युचरिझम’ होता, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या कल्पनेतलं भविष्य. ‘ब्लॅक पँथर’ सिनेमातलं वाकांडा आठवतंय ना? तीच कल्पना, फक्त पुस्तकांपासून संगीतापर्यंत पसरलेली.

इथपर्यंत वाचून वाटेल की जगात असे फेस्टिव्हल पायलीला पन्नास आहेत, यात वेगळं काय? वेगळेपण याच्या जन्मात आहे. हा फेस्टिव्हल हौस म्हणून सुरू झाला नाही. एक रस्ता रुंद होणार होता, तो अडवण्यासाठी सुरू झाला.

सत्तावीस जणांचं गाव

गोष्ट समजून घ्यायची तर थोडं मागे जावं लागेल. अमेरिकेत गुलामगिरी कायद्याने संपली १८६५ साली. कागदावर माणसं मोकळी झाली, पण राहायचं कुठे, कमवायचं कसं? दक्षिणेकडच्या राज्यांत कृष्णवर्णीयांना जमीन विकायलाच बहुतेक गोरे जमीनमालक तयार नसत. फ्लोरिडातल्या मेटलंड गावाशेजारी जोसाया ईटन या गोऱ्या जमीनमालकाने मात्र जमीन विकली. जो क्लार्क नावाच्या कृष्णवर्णीय माणसाने पुढाकार घेतला. १५ ऑगस्ट १८८७ रोजी २७ कृष्णवर्णीय पुरुषांनी मतदान करून ईटनव्हिलला स्वतंत्र नगर म्हणून कायदेशीर रूप दिलं. हो, तारीख १५ ऑगस्टच! गुलामगिरी संपून तेव्हा जेमतेम २२ वर्षं झाली होती. आज पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या पोरापोरींचं जेवढं वय, तेवढीच.

या घटनेचं वजन किती? आजूबाजूच्या शहरांत कृष्णवर्णीयांना मत देता येऊ नये म्हणून नाना खटपटी चालू होत्या, आणि इथे महापौर कृष्णवर्णीय, नगर परिषद कृष्णवर्णीय, दुकानदार कृष्णवर्णीय. अमेरिकेत कृष्णवर्णीयांनी स्वतः स्थापन केलेल्या आणि स्वतः चालवलेल्या सर्वांत जुन्या नगरांपैकी हे एक.

दहा वर्षांनी, १८९७ मध्ये, रसेल आणि मेरी कॅल्हून या दांपत्याने गावात एक शाळा काढली. तिचं नाव रॉबर्ट हंगरफोर्ड स्कूल. बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या टस्कीगी संस्थेच्या धर्तीवर इथे पुस्तकी शिक्षणासोबत हाताला काम शिकवलं जाई. सरकार कृष्णवर्णीय मुलांच्या शिक्षणाकडे फारसं बघत नसताना ही शाळा उभी राहिली, त्यामुळे गावासाठी तिचं मोल विटा-सिमेंटच्या पलीकडचं होतं. ही शाळा लक्षात ठेवा, तिची गोष्ट पुढे परत येणार आहे.

कट्ट्यावरची झोरा

याच गावात एक चुणचुणीत, बडबडी मुलगी वाढली. झोरा नील हर्स्टन. जन्म १८९१ चा, अलाबामातल्या नोटासल्गाचा. पण ती लहान असतानाच घरचे ईटनव्हिलला आले आणि पुढे ती आयुष्यभर ‘माझा जन्म ईटनव्हिलचा’ असंच सांगत राहिली. वडील सुतार आणि धर्मोपदेशक, पुढे गावचे महापौरही झाले.

गावाचं केंद्र होतं जो क्लार्कचं दुकान. म्हणजे दुकान कमी आणि दुकानापुढचा ओटा जास्त. संध्याकाळी माणसं तिथे जमायची आणि थापांची मैफल रंगायची. आपल्या कॉलेजच्या कट्ट्यावर चालते तशी फेकाफेकी, फक्त दर्जेदार. देवाने माणूस कसा बनवला, मालकाला गुलामाने कसं गंडवलं, ससा अस्वलाला कसा भारी पडला. मोठ्यांच्या या गप्पा ऐकायला झोरा रेंगाळत राहायची. बाहेरच्या जगाच्या लेखी हे अडाणी लोकांचे टाइमपास किस्से होते. झोराने पुढे दाखवून दिलं की हे साहित्य आहे.

तिचा प्रवास मात्र सरळ नव्हता. ती तेरा वर्षांची असताना आई गेली, घर विस्कटलं, शिक्षण सुटलं. कितीतरी वर्षं मिळेल ती कामं करत काढली. १९१७ मध्ये, वयाच्या २६व्या वर्षी, तिने बाल्टिमोरच्या शाळेत नाव घातलं. मोफत शिक्षणाला वयाची अट होती, म्हणून तिने आपलं वय दहा वर्षांनी कमी सांगितलं! एक-दोन वर्षं ड्रॉप गेला म्हणून आयुष्य संपलं असं वाटणाऱ्या आपल्यातल्या प्रत्येकाने ही गोष्ट कुठेतरी लिहून ठेवायला हरकत नाही. पुढे ती हॉवर्ड विद्यापीठात गेली, मग न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाशी संलग्न बर्नार्ड कॉलेजात. १९२८ साली तिथून पदवी घेणारी ती पहिली कृष्णवर्णीय विद्यार्थिनी ठरली.

तिथे तिला मानववंशशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआस शिकवायला होते. त्यांनी तिला फील्डवर्कला पाठवलं आणि फील्ड म्हणून तिने निवडलं कोणतं गाव? आपलंच, ईटनव्हिल. ज्या ओट्यावरच्या थापा ऐकत वाढली, त्याच ती वही-पेन्सिल घेऊन टिपू लागली. त्यातून १९३५ मध्ये ‘म्यूल्स अँड मेन’ हा लोककथासंग्रह आला. १९३७ मध्ये आली तिची सगळ्यात गाजलेली कादंबरी, ‘देअर आईज वेअर वॉचिंग गॉड’. कादंबरीचा बराच भाग ईटनव्हिलमध्येच घडतो आणि पात्रं आपल्या गावच्या बोलीत बोलतात.

पण पुस्तकांनी पोट भरलं नाही. हळूहळू ती विस्मरणात गेली, पुस्तकं बाजारातून दिसेनाशी झाली. जानेवारी १९६० मध्ये फोर्ट पिअर्सच्या सरकारी आश्रयगृहात ती वारली. अंत्यसंस्कारासाठी वर्गणी काढावी लागली. थडग्यावर नावाचा दगडसुद्धा नव्हता. तिच्यामागे राहिलेले कागद जाळायला काढले होते. ओळखीच्या एका पोलिस अधिकाऱ्याने वाटेत धूर पाहून आग विझवली, म्हणून त्यातले काही आज फ्लोरिडा विद्यापीठात सुरक्षित आहेत.

१९७३ मध्ये लेखिका ॲलिस वॉकर तिचं थडगं शोधत फोर्ट पिअर्सला पोहोचली. गवत माजलेल्या दफनभूमीत अंदाजाने जागा ठरवली आणि तिथे दगड बसवला. त्या दगडावर जन्मसाल १९०१ आहे. म्हणजे झोराची थाप थडग्यापर्यंत टिकली! १९७५ मध्ये वॉकरचा या शोधावरचा लेख ‘मिस’ नियतकालिकात आला, आणि विद्यापीठांमधून झोरा पुन्हा वाचली जाऊ लागली.

पाच लेन की एक गाव?

आता येऊया १९८० च्या दशकाच्या शेवटाकडे. डिस्ने वर्ल्ड १९७१ मध्ये सुरू झालं होतं, ऑर्लँडो झपाट्याने फुगत होतं, गाड्या वाढत होत्या. ईटनव्हिलचा मुख्य रस्ता म्हणजे केनेडी बुलेव्हार्ड. काउंटी प्रशासनाने ठरवलं, हा रस्ता पाचपदरी करायचा. याआधीच इंटरस्टेट ४ हा महामार्ग गावाला चिरत गेला होता. आता उरलेल्या गावाच्या काळजातून पाच लेन गेल्या असत्या, तर गाव म्हणून काही शिल्लकच राहिलं नसतं. दोन बाजूंना दोन वस्त्या आणि मध्ये भरधाव गाड्या.

इथे एक गोष्ट नीट बघायला हवी. नकाशा घेऊन बसलेल्या इंजिनीअरला ईटनव्हिलमध्ये काय दिसलं असेल? छोटी घरं, एखाददुसरं चर्च, काही झाडं. राजवाडा नाही, स्मारक नाही, संग्रहालय नाही. जो क्लार्कचं ते दुकानही आता राहिलेलं नाही. त्या कागदाच्या भाषेत तिथे ‘काहीच नव्हतं’. जिथे काहीच नसतं, तिथून रस्ता न्यायला सगळ्यात सोपं. गरिबांच्या वस्त्या जगभर अशाच पुसल्या गेल्या आहेत. यात प्रत्येक वेळी कुणी व्हिलन असतोच असं नाही, त्या जागेचं मोल मोजायची पट्टीच कुणाकडे नसते.

गावकऱ्यांनी ‘असोसिएशन टू प्रिझर्व्ह द ईटनव्हिल कम्युनिटी’ ही संस्था काढली. निवेदनं, बैठका हे तर झालंच. पण त्यांचा खरा मास्टरस्ट्रोक वेगळा होता. ‘आमचं घर पाडू नका’ एवढंच म्हणत बसण्याऐवजी ते म्हणाले, ‘या गावात काय आहे ते येऊन बघा.’ त्यांच्याकडे नाव होतं झोराचं, जिची पुस्तकं आता देशभरातल्या वर्गांत शिकवली जात होती. जे विद्यार्थी ती कादंबरी वाचत होते, त्यांच्या मनात ईटनव्हिल आधीच वसलेलं होतं. फक्त त्यांना प्रत्यक्ष गावात आणायचं बाकी होतं.

जानेवारी १९९० मध्ये पहिला झोरा फेस्टिव्हल भरला. ॲलिस वॉकरही आली. एवढ्याशा गावात हजारोंनी माणसं उतरली. रस्ता पाचपदरी झाला नाही. पुढे १९९८ मध्ये गावाच्या जुन्या भागाची नोंद अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक वारसास्थळांच्या यादीत झाली. गावात झोराच्या नावाचं छोटं कलादालनही आहे, आणि तिथे आफ्रिकी वारशाच्या कलाकारांचं काम दाखवलं जातं.

थोडक्यात, हा फेस्टिव्हल म्हणजे गावाने सादर केलेला पुरावा होता. कोर्टात कागद दाखवतात तसा, फक्त इथे कागदाच्या जागी गाणी, गोष्टी, चित्रं आणि माणसं होती. पुरावा म्हटला की तो परत परत द्यावा लागतो. एक वर्ष मोठा कार्यक्रम करून पुढची वीस वर्षं गप्प बसलं, तर नकाशावर पुन्हा ‘काहीच नाही’ असं दिसायला लागतं. म्हणूनच रस्ता अडला तरी फेस्टिव्हल थांबला नाही.

मग सगळं छान झालं का?

नाही, आणि म्हणूनच ही गोष्ट निव्वळ फील-गुड म्हणून सांगण्यात अर्थ नाही.

त्या शाळेकडे परत जाऊया. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला हंगरफोर्ड शाळा आणि तिची सुमारे ३०० एकर जमीन काउंटीच्या शालेय मंडळाकडे गेली. किंमत? अवघे सोळा हजार डॉलरच्या आसपास. जमीन कृष्णवर्णीय मुलांच्या शिक्षणासाठी वापरायची, ही त्यामागची भावना आणि अटही. पुढच्या काळात तुकड्या-तुकड्याने जमीन विकली गेली, नंतर शाळाही बंद पडली आणि इमारती पाडल्या गेल्या. उरलेली सुमारे १०० एकर जमीन एका बिल्डर कंपनीला १ कोटी ४० लाखांहून जास्त डॉलरला विकायची बोलणी झाली. घरं, दुकानं असा मोठा प्रकल्प तिथे येणार होता. गावकऱ्यांचा सवाल साधा होता. आमच्या पणजोबांनी शिक्षणासाठी राखलेली जमीन, तिचा फायदा कुणाला? आणि इथे महागडी घरं झाली की आजूबाजूचं भाडं, कर वाढणार, मग आम्ही इथे टिकणार का?

पुन्हा तीच संस्था पुढे आली. खटला दाखल झाला, सभांमध्ये लोक बोलले, देशभरातल्या माध्यमांनी बातम्या केल्या. मार्च २०२३ मध्ये तो व्यवहार बारगळला. पण पुढच्याच वर्षी, २०२४ मध्ये, अमेरिकेच्या ‘नॅशनल ट्रस्ट फॉर हिस्टॉरिक प्रिझर्वेशन’ने देशातल्या सर्वाधिक धोक्यात असलेल्या ११ ऐतिहासिक स्थळांच्या यादीत ईटनव्हिलचं नाव घातलं. तीस-पस्तीस वर्षं फेस्टिव्हल करूनही गावावरची टांगती तलवार गेलेली नाही.

कुणी म्हणेल, मग फेस्टिव्हलचा उपयोग काय झाला? हा आक्षेप टाळून चालणार नाही. गाणी गाऊन जमिनीचा सातबारा आपल्या नावावर होत नाही. फेस्टिव्हलने नोकऱ्या किती मिळाल्या, गरिबी किती हटली, हे प्रश्न विचारायलाच हवेत. शिवाय एखादी वस्ती ‘कल्चरल’ म्हणून गाजली की तिथे कॅफे येतात, भाडी वाढतात आणि ज्यांच्या संस्कृतीमुळे ती गाजली त्यांनाच बिऱ्हाड हलवावं लागतं, असंही जगात खूप ठिकाणी झालंय.

हे सगळं मान्य करूनही मी फेस्टिव्हलच्या बाजूने आहे. कारण २०२३ मध्ये जेव्हा जमिनीचा प्रश्न आला, तेव्हा ईटनव्हिल हे नाव देशाला नव्याने सांगावं लागलं नाही. जानेवारीत तिथे जाऊन आलेले शिक्षक, लेखक, कलाकार, विद्यार्थी देशभर पसरलेले होते. संघटना तयार होती, कारण दरवर्षी मांडव घालण्यासाठी ती एकत्र येतच होती. अनोळखी गाव गुपचूप विकलं जातं, ओळखीचं गाव विकायला घेतलं की आरडाओरडा होतो. फेस्टिव्हलने लढाई जिंकून दिली असं म्हणणं जास्त होईल, पण लढायला माणसं त्याने नक्की जमा करून ठेवली होती.

आरती नको, वाद हवा

या फेस्टिव्हलकडून शिकण्यासारखी अजून एक गोष्ट आहे. ज्या व्यक्तीच्या नावाने तो भरतो, ती काही सगळ्यांना पटणारी नव्हती.

१९५४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवला. नागरी हक्कांच्या लढ्यातला हा ऐतिहासिक निकाल. झोराने १९५५ मध्ये ऑर्लँडोच्या वर्तमानपत्राला पत्र लिहून चक्क या निकालावर टीका केली. तिचं म्हणणं असं की कृष्णवर्णीय मुलांना शिकायला गोऱ्यांच्या शेजारी बसलंच पाहिजे, या विचारातच कृष्णवर्णीय शाळा आणि शिक्षकांचा अपमान आहे. तिच्या अनेक समकालीनांना हे अजिबात रुचलं नाही. त्याच्या कितीतरी आधी, १९३७ मध्ये, रिचर्ड राइट या मोठ्या कृष्णवर्णीय लेखकाने तिच्या कादंबरीवर झोड उठवली होती. ती गोऱ्या वाचकांना गंमत वाटेल असं लिहिते, असा त्याचा आरोप होता.

तिचं पत्र मला पटत नाही. वेगळ्या ठेवलेल्या शाळांना पैसे कमी मिळत, पुस्तकं जुनी मिळत, हे वास्तव तिच्या स्वाभिमानाने बदलत नव्हतं. पण हे पत्र लिहिणारी बाई ईटनव्हिलमध्ये वाढली होती, हंगरफोर्डसारखी शाळा तिने जवळून पाहिली होती, हे कळलं की ती असं का म्हणाली ते समजतं. पटणं आणि समजणं, यात फरक आहे. आणि वारसा सांभाळणं म्हणजे हा फरक करता येणं.

आपल्याकडे ‘लेगसी’ म्हटलं की लगेच हार, फ्लेक्स आणि डीजे. ज्याच्या नावाने कार्यक्रम, त्याचं एखादं पुस्तक मंडपात कुणी उघडेल याची गॅरंटी नाही. ईटनव्हिलमध्ये गाण्याच्या मांडवाशेजारी चर्चेचा मांडव आहे आणि तिथे झोराबद्दल वाद घालता येतो. ज्याच्याशी वाद घालता येत नाही, त्याची फक्त मिरवणूक काढता येते.

यात आपला काय संबंध?

संबंध आहे, आणि जुना आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक लिहिलं आणि ते अर्पण केलं अमेरिकेतल्या लोकांना, गुलामांना दास्यातून मुक्त करण्यासाठी त्यांनी दाखवलेल्या औदार्याबद्दल. म्हणजे ईटनव्हिल स्थापन होण्याच्या १४ वर्षं आधी पुण्यात बसलेल्या एका माणसाला ती लढाई आपली वाटत होती.

दुसरा धागा त्याहून भारी आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. मे १९१६ मध्ये त्यांनी भारतातल्या जातींवरचा आपला प्रसिद्ध निबंध वाचला, तो अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या परिसंवादात. हे गोल्डनवायझर कुणाचे विद्यार्थी? फ्रान्झ बोआस यांचे. त्याच बोआस यांनी दहाएक वर्षांनी झोराला वही देऊन ईटनव्हिलला धाडलं. बाबासाहेब आणि झोरा यांची भेट झाली नाही, पण माणसाची किंमत जन्मावरून ठरत नाही हे अभ्यासाने मांडणाऱ्या एकाच परंपरेच्या जवळ दोघं बसले होते. पुढे १९४६ मध्ये बाबासाहेबांनी कृष्णवर्णीयांचे नेते डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या स्थितीतलं साम्य सांगितलं. १९७२ मध्ये मुंबईत तरुणांनी ‘दलित पँथर’ उभी केली, तेव्हा नावाची प्रेरणा अमेरिकेतल्या ‘ब्लॅक पँथर’कडून आली. त्यांतले बरेच जण तेव्हा साधारण आपल्याच वयाच्या आगेमागे होते.

फेब्रुवारीत ‘ब्लॅक हिस्टरी मंथ’च्या पोस्ट आपण शेअर करतो, ते चांगलंच आहे. पण कोलंबियात तो निबंध वाचणारा विद्यार्थी नंतर अनेक वर्षं परळच्या बीआयटी चाळीत राहिला, हे मुंबईत शिकणाऱ्या किती जणांनी जाऊन पाहिलंय? हार्लेमच्या गल्ल्या रीलमध्ये पाठ आणि परळ मात्र ट्रेनमधून जाताना दिसतं तेवढंच, असं व्हायला नको.

वही काढा

मुद्दा इतकाच आहे. गाव किंवा गल्ली वाचवायला पैसा लागतो, वकील लागतात, राजकीय ताकद लागते. पण या सगळ्याच्या आधी लागतो तो तपशील. इथे कोण राहत होतं, काय गायलं जात होतं, कोणत्या ओट्यावर कोण काय थापा मारायचं. झोराने १९२७ मध्ये ईटनव्हिलला जाऊन तो तपशील टिपला नसता, तर साठ वर्षांनी गावकऱ्यांच्या हातात दाखवायला काय होतं? तिला रस्त्याचं काही माहीत नव्हतं. तिने फक्त वेळेत लिहून ठेवलं.

हे काम आपल्याला जमण्यासारखं आहे, आणि त्याला स्पॉन्सर लागत नाही. मोबाइलमध्ये रेकॉर्डर आहेच. आजी जात्यावरच्या ज्या ओव्या गुणगुणते, चाळीतले काका गणपतीच्या मेळ्यांबद्दल जे सांगतात, बंद पडलेल्या गिरणीत काम केलेला शेजारी भोंग्याच्या ज्या आठवणी काढतो, ते त्यांच्या परवानगीने रेकॉर्ड करा. नाव, तारीख, जागा लिहून ठेवा. बीएमएम, समाजशास्त्र, मराठी, इतिहास, आर्किटेक्चर, कुठल्याही शाखेचं प्रोजेक्ट यावर होऊ शकतं. गूगलवरून कॉपी केलेल्या प्रोजेक्टपेक्षा व्हायव्हाला बोलायलाही जास्त असेल.

आणि कॉलेज फेस्टची कमिटी बसली, बजेटवर चर्चा सुरू झाली, सेलिब्रिटी कोण आणायचा यावर भांडणं झाली, की एक प्रश्न तिथे नक्की टाका. आपलं कॉलेज ज्या वस्तीत उभं आहे, तिथल्या किती लोकांना आपण आत बोलावतोय? गेटवर आयकार्ड बघून ज्यांना बाहेर ठेवतो, त्यांच्यातच कुणी ढोलकीवाला असेल, कुणी शाहीर असेल, कुणी साइनबोर्ड रंगवणारा असेल. एक संध्याकाळ त्यांची ठेवायला काय हरकत आहे? मानधन देऊन, नाव छापून आणि स्टेज नीट लावून.

पुढच्या वेळी कुणी ऑर्लँडोला निघालं, तर डिस्ने जरूर बघू दे. त्यांना ईटनव्हिलचा पत्ताही पाठवा, तासाभराच्या आतलं अंतर आहे. पण आपल्याला तिकडे जायची वाट बघायची गरज नाही. आपल्या एरियाच्या नकाशावरसुद्धा कुणीतरी पट्टी-पेन्सिल घेऊन बसलेलंच आहे. त्याला तिथे काय दिसावं, हे आपण आज काय टिपून ठेवतो यावर बऱ्यापैकी ठरणार आहे.